वरच्या ओळीचे चार फूट

"हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढणार," मी आधीच सांगून टाकलं. "बहात्तर वर्षांत माझ्या तोंडून जे काही बाहेर पडलं, त्यातली ही सगळ्यात अशक्य गोष्ट. आणि नेमकी हीच खरी आहे."

"मामा, तू प्रत्येक गोष्टीआधी हेच म्हणतोस," भाची म्हणाली. तिने वहीतून मान वर केली नाही. "मला फक्त मोजणीच्या दिवसाचं सांग. दोन वाक्यांत."

दोन वाक्यांत! मी गवंडी माणूस. पाया खणल्याशिवाय मी भिंत उभी करत नाही, आणि ही पोरगी माझ्याकडे नुसतं छप्पर मागते.

आम्ही बसलो होतो गाळणीच्या खोलीत. कागदोपत्री तिचं नाव जलशुद्धीकरण केंद्र, पण वस्तीत कोणी ते म्हणत नाही. एक पत्र्याचं टेबल, भिंतीला फळी, फळीवर तारखा लिहिलेल्या काचेच्या बाटल्या, कोपऱ्यात तुरटीच्या पाण्याची बादली. खिडकीखालून पाणी वळणं घेत जातं त्याचा आवाज सारखा. हे सगळं टाकीवाली सांभाळते. बावीस वर्षं तीच सांभाळतेय. ती बादलीत काठी घालून तुरटी ढवळत होती. दारात न्हावी दोन कॅन घेऊन उभा होता. तो वरच्या ओळीत राहतो, माझ्या शेजारी, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन इथे येणं हे त्याच्या कपाळी आहे. माझ्याही.

तर आमची वस्ती चढावर. घरांच्या सहा ओळी, एकीच्या डोक्यावर दुसरी. खालच्या पाच ओळींना गाळणीचं पाणी मिळतं. सहाव्या, सगळ्यात वरच्या ओळीला मिळत नाही. एकोणीस घरं, बावीस वर्षं, थेंब नाही. आणि आज दुपारी चार वाजता कार्यालयातून साहेब येणार होते, गाळणी पाडायचा हुकूम घेऊन. कारण काय, तर म्हणे आराखडाच चुकीचा. पंप बसवायचे. आमच्याकडे वीज येते पाहुण्यासारखी, तोंड दाखवते आणि निघते. पण पंप बसवायचे.

आराखडा माझ्या धाकट्या बहिणीचा. आणि ही भाची तिची मुलगी. ज्या कार्यालयाने आईला घालवलं त्याच कार्यालयात हट्टाने नोकरीला लागली, तिथेही हट्टाने आईचीच फाइल मागून घेतली, आणि चारच्या आत तिला त्या फाइलीत एका प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायचं होतं: बाईंच्या आराखड्यात उंचीचा आकडा चार फुटांनी जास्त का?

"बाईंनी आकडा घरी बसून मनानेच टाकला, असं त्यांनी लिहिलंय," भाची म्हणाली. "मनानेच! माझ्या आईने! ती चहात साखर मोजून घालते."

"समतल चमचा," मी म्हणालो. "वर बोट फिरवून."

"म्हणून विचारते. मोजणारे हात दोघांचेच होते, तिचे आणि तुझे. तिला विचारलं तर ती म्हणते, आकडा माझा, सही माझी, विषय संपला. तू सांग."

आता मला सांगा, असं म्हटल्यावर माणूस सुरुवातीपासून सांगणार नाही तर काय करणार?

"आधी पाणी कसं होतं ते समजून घे," मी म्हणालो. "तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. वरच्या ओढ्यातून सरळ पाइपने यायचं. पेल्यात शर्टाचं बटण टाकलं तर तळाला पोचायला दुपार व्हायची."

"काका," टाकीवाली म्हणाली.

"बरं, तास म्हण. पांढरा सदरा धुतला की विटकरी व्हायचा, विटकरी धुतला की उभा राहायचा. एका पावसाळ्यात मी रोजच्या बादलीच्या तळाचा गाळ साठवला, त्याच्या विटा पाडल्या, आणि आमच्या न्हाणीघराची मागची भिंत बांधली. अजून उभी आहे. जाऊन बघ."

"ती भिंत माझ्या बापाने बांधली," न्हावी म्हणाला. "आणि ती पडलीय."

"पोरं आजारी पडायची," टाकीवाली काठी न थांबवता म्हणाली. "ते सांगा की. माझी थोरली आठ दिवस अंथरुणात होती. अशी झाली होती." तिने करंगळी दाखवली. "त्यात गंमत नव्हती काही."

नव्हतीच. म्हणून तर मी विटांचं सांगतो. दर घरात एक तरी पोर पोट धरून पडलेलं असायचं, आणि कार्यालयात अर्ज केला की उत्तर यायचं, पाणी उकळून प्यावे. एवढं छापील. त्या कागदावर बाटलीच्या बुडाचा गोल डाग असायचा, कारण साहेबांच्या टेबलावर बाटलीतलं पाणी. अजून आठवलं की माझी कानशिलं तापतात.

धाकटी तेव्हा त्याच कार्यालयात नकाशे करायची. अख्ख्या कार्यालयात शिकलेली तीच एक. बाकीचे पास झालेले होते. तिने वर लिहिलं की या वस्तीला पंप नको, वीज नको. उतार आहे ना? मग पाण्याला स्वतःच्या पायांनी खाली येऊ द्या. येता येता ते साफ करून घेऊ.

"हे मला ठाऊक आहे, मामा."

"तुला कागदावरचं ठाऊक आहे. तिने मला कसं समजावलं ते ठाऊक नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिने पोळपाट तिरका ठेवला, एक ताट तिरकं ठेवलं, चाळणी ठेवली, आणि वरून गढूळ पाणी सोडलं. म्हणाली, दादा, बघ. आधी तुरटी पडेल, थेंब थेंब. तिला कोणी मोजायला नको. पाणी जास्त आलं की तरंगणारा डबा वर जाईल आणि थेंब जास्त पडतील, पाणी कमी झालं की कमी. मग पाण्याला फळ्यांमधून नागमोडी चालवायचं, घाई नाही करू द्यायची. चालता चालता गाळाचे कण एकमेकांना चिकटतील, लोकरीसारखे. मग तिरक्या पत्र्यांच्या हौदात ते खाली बसतील. मग वाळू. मग ब्लीचिंगचा थेंब. मग टाकी, आणि टाकीतून घरोघरी. एकही मोटर नाही. ढवळायला एक काठी, धुवायला दोन हात. मी म्हणालो, आणि हे चालवणार कोण? ती म्हणाली, कोणीही, ज्याला ताक जास्त झालं की कमी हे कळतं. आईने येऊन बघितलं तर अख्खा ओटा चिखल. आई म्हणाली, लग्न झालं, पोर झालं, नोकरी लागली, आणि तू अजून चिखलात खेळतेस."

भाची हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

"तो ताकाचा शब्द तिनेच मला शिकवला," टाकीवाली म्हणाली. "आत्ता साहेब लोक येतात, मापकं लावतात. मी नुसती खिडकीतून बघते. पाणी बोलतं."

"कार्यालयात काय झालं ते सांगतो," मी म्हणालो, कारण इथून पुढे माझं डोकं तापायला लागतं आणि तापलं की गोष्ट चांगली होते. "साहेबांनी तिचा कागद वाचला आणि विचारलं, पंप नाही? ती म्हणाली, नाही. मशीन नाही? नाही. मग उद्घाटनाला बटण कशाचं दाबायचं? हे विचारलं त्याने! बटण कशाचं दाबायचं! धाकटीने टेबलावर हात आपटला. असा आपटला की वरचा पंखा थांबला, शेजारच्या खोलीतले तीन कारकून जागे झाले, आणि त्यातला एक इतका घाबरला की त्या दिवशी त्याने काम केलं."

न्हाव्याने कॅन खाली ठेवले. तो असा कॅन ठेवतो तेव्हा समजावं, गोष्ट पकड घेतेय.

"शेवटी हो म्हणाले. का, तर वरून दबाव आला होता की पोरं आजारी पडतायत, छापून आलंय. पण हो कसं म्हणाले? म्हणाले, मोजणी तुमची तुम्ही करा. आणि मोजणीचं यंत्र पाठवतो. आठ दिवसांनी गाडी आली. गाडीतून काय उतरलं? तिपाई. यंत्र ठेवायची तीन पायांची तिपाई. नुसती. यंत्र कुठाय? तर यंत्र कपाटात आहे, कारण ते महाग आहे आणि बाहेर नेलं तर खराब होईल. तिपाई न्या. सही करा, तिपाई मिळाली. त्या दिवसापासून त्याचं नाव तिपाई साहेब. आणि आज चार वाजता जो येतोय ना पाडायला, तो तोच. आता मोठा झालाय. पोट मोठं, खुर्ची मोठी, यंत्र अजून कपाटात."

"म्हणून पाण्याच्या नळीने मोजलंत," भाची म्हणाली.

"म्हणून नळीने मोजलं. त्याला इलाज नव्हता. पण ते नंतर. आधी गाळणी सुरू झाली त्या दिवसाचं ऐक."

"मामा, साडेबारा वाजलेत."

"मला घड्याळ कळतं. ऐक. चार महिने बांधलं आम्ही. मी स्वतः, अन् हाताखाली सहा माणसं. एकेक फळी तिने तपासली. एक फळी अर्ध्या बोटाने तिरकी होती तर तिने मला उखडायला लावली, माझ्या माणसांसमोर. मी तिचा थोरला भाऊ! मी तिला खांद्यावर बसवून शाळेत सोडलंय! पण उखडली. आणि मग एका सकाळी तिने वरचं दार उघडलं, पाणी आलं, वळणं घेत गेलं, हौदात बसलं, वाळूतून उतरलं, आणि खालच्या टोकाला असं निघालं, असं निघालं, की पहिल्या ओळीतल्या म्हातारीने पेला भरला आणि ओरडायला लागली की मला रिकामा पेला दिला. तिला पेल्यात पाणी दिसेना! लोक तीन दिवस हात बुडवून खात्री करत होते."

"हे मात्र जवळजवळ खरं आहे," टाकीवाली म्हणाली. "म्हातारी माझी सासू."

"पहिली ओळ भरली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीला धार जरा बारीक, पण आली. आणि सहावीला..."

मी थांबलो. इथे मी नेहमीच थांबतो. पण एरवी मी मजा म्हणून थांबतो.

"सहावीला वारा आला," न्हावी म्हणाला. "नळ खोकला आणि गप्प बसला."

"वारा तरी कसला! आमच्या नळातून इतका वारा येतो की हा न्हावी गिऱ्हाइकांचे केस त्याखाली वाळवतो."

"वाळवत नाही. हे सगळ्यांना सांगून सांगून माझी गिऱ्हाइकं गेली."

"मामा." भाचीने पेन टेबलावर ठेवलं. तिचा आवाज आईसारखा होतो तेव्हा मला खुर्चीत नीट बसावंसं वाटतं. "त्या दिवशी माझ्या आईचं काय झालं, ते तू कधीच सांगत नाहीस. वारा सांगतोस, पेला सांगतोस, पंखा सांगतोस."

मग सांगितलं. त्यात वाढवण्यासारखं काही नाही, म्हणून सांगत नाही.

संध्याकाळी वरच्या ओळीतले लोक खाली आले. एकोणीस घरांची रिकामी भांडी घेऊन. या खोलीसमोरच्या फरशीवर त्यांनी ती धाकटीच्या पायाशी एकेक करून ठेवली. हंडे, बादल्या, एक दुधाचं पातेलं. चार महिने त्यांनी आपल्या हातांनी दगड वाहिले होते. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एक बाई म्हणाली, आता हा तुमचा नकाशा भिजवून पोरांना पाजू का? साहेब गाडीजवळ उभा होता. तो तिथूनच म्हणाला, मोठ्याने, की मी आधीच म्हटलं होतं, हे घरगुती काम नव्हे. आणि लोक हसले. तिच्याच वस्तीतले लोक. ज्यांच्या पोरांसाठी तिने त्या माणसासमोर टेबल बडवलं होतं, तेच हसले. माझा आजही संताप होतो. त्यांच्यातले निम्मे मेले तरी माझा त्यांच्यावरचा राग मेला नाही.

"माझा बाप हसला नव्हता," न्हावी हळूच म्हणाला.

"तुझा बाप सगळ्यात पुढे होता."

न्हावी कॅनची झाकणं घट्ट करायला लागला.

"आणि आई?" भाचीने विचारलं.

"तिने वही उघडली. सगळे आकडे पुन्हा बघितले, तिथेच, उभ्याने. मग माझ्याकडे बघितलं. मग वही मिटली आणि म्हणाली, आकडा माझा आहे. दुसऱ्या दिवशी राजीनामा. तुम्हाला घेऊन दुसऱ्या शहरात गेली, आता लोकांच्या बाल्कन्यांचे नकाशे काढते. पाण्याला पुन्हा हात लावला नाही."

"तुझ्याकडे का बघितलं?"

"मी भाऊ तिचा. माणूस अशा वेळी कोणाकडे बघणार?"

टाकीवालीची काठी थांबली होती. खिडकीखाली पाणी चाललं होतं, त्याला काय.

"ठीक आहे," भाची म्हणाली आणि कोरा कागद पुढे ओढला. "आता मोजणी. मी लिहून घेते, खाली तू सही करायची. माझ्याकडे एवढंच आहे, मामा. मी काल यंत्राने मोजलं, चार फूट कमी भरतात हे खरं. म्हणजे आईचा आकडा चुकीचा हे मी नाकारू शकत नाही. प्रश्न एवढाच की का चुकला. तिने मनाने टाकला असेल तर आराखडा गेला, गाळणी गेली, उद्या पहार लागणार. पण मोजताना चूक झाली असेल, तर आराखड्यात दोष नाही. मग हीच गाळणी ठेवायची, आणि याच नकाशाची एक छोटी वर, चार फूट उंचावर, एकोणीस घरांसाठी. मी काढून ठेवलीये." तिने फाइलीतून एक घडी काढून दाखवली. आईसारखीच बारीक रेघ. "आता बोल. काय झालं त्या दिवशी?"

"तिपाई साहेबाने खुंटी हलवली," मी म्हणालो.

बावीस वर्षं मी हेच सांगत आलोय. वरच्या ओळीत हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. न्हाव्याचे ओठ माझ्याबरोबर हलतात.

"कुठली खुंटी?"

"शेवटची. वरची. आम्ही वस्तीच्या पायथ्यापासून वर टाकीच्या जागेपर्यंत मोजत आलो, टप्प्याटप्प्याने. दर टप्प्याला एक लोखंडी खुंटी. दुपारी धाकटी डबा खायला बसली, मी जरा आडवा झालो, आणि तेवढ्यात हा आला. चकचकीत बूट. त्याला गाळणी रस्त्याच्या जवळ हवी होती, फोटोसाठी. हाताने खुंटी निघेना, कारण ती मी ठोकलेली. तर त्याने वाकून ती दातांनी उपटली! म्हणून त्याचा पुढचा दात अर्धा आहे. बघ चार वाजता. आणि चार फूट खाली नेऊन ठोकली."

"तू बघितलंस?"

"या डोळ्यांनी."

"आडवा होतास ना?"

"एका डोळ्याने आडवा होतो."

न्हावी हसला. भाची हसली नाही. तिने लिहिलं, मग पेन उचललं.

"मामा, मी हे लिहून देईन. तू म्हणशील तर देईन. पण ऐक. तो म्हणेल, मी त्या दिवशी आलोच नव्हतो. आणि तो नव्हता हे त्याने सिद्ध केलं, तर आईसाठी बोलणारा एकच माणूस होता आणि तो थापाड्या निघाला, एवढंच फाइलीत राहील. मग ती फाइल परत कोणी उघडणार नाही. मीसुद्धा उघडू शकणार नाही. कळतंय?"

"मला शिकवतेस? तो हरामखोर बावीस वर्षं—"

"तो हरामखोर आहेच. मी ते विचारत नाहीये."

"मग काय विचारतेस? माझ्यावर विश्वास नाही? तुझ्या आईचाही नव्हता!" माझा आवाज चढला. टाकीवालीने दार लोटून घेतलं. "मी भिंती बांधायला लागलो तेव्हा ती पाळण्यात होती, आणि मजुरांसमोर मला म्हणते, दादा, तुझ्या हातून पाणी सांडतं! सांडलं असेल! आदल्या दिवशी तीनदा सांडलं. ती नळी म्हणजे काय, माहितीये? लांबलचक, आरपार दिसणारी, आत पाणी. एक टोक खाली तिच्या हातात, एक टोक वर माझ्या हातात. दोन्ही टोकांत पाणी एकाच पातळीला उभं राहतं, त्यावरून उंची मोजायची. उचलून पुढच्या टप्प्याला न्यायची तर तोंडावर अंगठा दाबून न्यायची, नाहीतर पाणी जातं; पोचल्यावर अंगठा सोडायचा, तेव्हाच पाणी पातळीला येतं. दगडात पाय घसरला की अंगठा सुटला, पाणी गेलं. पुन्हा ओढ्यावर जा, पुन्हा भर, पुन्हा बुडबुडे काढ. तीनदा झालं. तर सहा माणसांसमोर बोलली. सहा माणसं हसली. थोरल्या भावाला!"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी मीही ठरवलं. म्हटलं, दाखवतो हिला. पायथ्यापासून टाकीपर्यंत तेवीस टप्पे, भर उन्हात, त्या चढावर. ती खालून ओरडायची, दादा, सोड! मी वरून, सोडलं! ती आकडा लिहायची, पुढे चला. तेवीस वेळा. आणि लिहून घे, हे पण तुझ्या कागदावर लिहून घे, सकाळी भरलेली नळी संध्याकाळी होती तेवढीच भरलेली होती! एकदाही ओढ्यावर गेलो नाही. एक थेंब सांडला नाही माझ्या हातून! विचार तिला. संध्याकाळी तिनेच सहा माणसांसमोर म्हटलं, दादा, मानलं तुला. एक थेंब नाही!"

भाची लिहायची थांबली होती. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी बोलता बोलता हात वर धरला होता, मूठ वळलेली, जशी नळी धरतात तशी.

"मामा," ती म्हणाली, अगदी हळू, "एका खुंटीने चार फूट नाही गेले. काल मी तेवीसच्या तेवीस टप्पे मोजले. खुंट्या जागच्या जागी आहेत, शेवटचीसुद्धा. प्रत्येक टप्प्यात दोन इंचांच्या जरा वर जास्त लिहिलेत. प्रत्येक. मला रात्रभर कळेना, असं कशाने होईल."

"म्हणजे त्याने सगळ्या खुंट्या—"

"तोंड उघडं केलं तर वाऱ्याने, हाताच्या हिसक्याने थोडं तरी पाणी जातंच. दिवसभरात थेंबसुद्धा नाही गेला? आणि तोंड बंद राहिलं तर पाणी पातळीला येतच नाही, दर टप्प्याला आकडा फसतो. तू खोटं बोलतोयस, मामा. साहेब आलाच नव्हता. आई खालून 'सोड' म्हणायची, तू 'सोडलं' म्हणायचास, आणि अंगठा तू एकदाही काढला नाहीस."